उंदीर पडला की गाव उठायचं

द्राक्षबागायतदाराला रोग दिसायच्या आधी औषध मारायला शिकवावं लागत नाही. ऑक्टोबर छाटणी झालेली असते, फूट कोवळी असते आणि रात्री पाऊस येऊन जातो. रात्री दोन वाजता आमच्या भागात ट्रॅक्टरचे दिवे बागांतून फिरायला लागतात. पानावर दावण्या रोगाचा एक डाग नसतो, तरी ओल्या पानांवर मँकोझेब औषधाची धुरळणी होते आणि उजाडल्यावर परत फवारा. "आधी डाग तर पडू दे, मग बघू" असं कुणी म्हणत नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस झाला, त्या हंगामात दावण्यानं बागा कशा गेल्या हे नंतर जन्मलेल्या पोरांनाही तोंडपाठ आहे.

हीच माणसं २०२१ च्या मार्चमध्ये मास्क हनुवटीला अडकवून माझ्या काउंटरवर रेलायची आणि म्हणायची, "वैनी, आपल्याकडं काय न्हाई वो तसलं."

मी तासगावात औषधांचं दुकान चालवते. घरची बाग नवरा बघतो, दुकान मी. परवा भाचीनं एक प्रश्नावली पाठवली. ती सार्वजनिक आरोग्याचं शिकते. प्रश्न असा होता की कोरोनाच्या साथीत लोकांनी संसर्ग टाळण्याची काळजी का घेतली नाही. खाली चार पर्याय: माहितीचा अभाव, निष्काळजीपणा, अंधश्रद्धा, आर्थिक अडचण. एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता आणि मला एकही निवडवेना. तिला फोनवर सांगायला बसले तर संध्याकाळचं गिऱ्हाईक सुरू झालं, म्हणून हे लिहून काढतेय.

माहितीचा अभाव तर मुळीच नव्हता. २०२० मध्ये कुणालाही फोन लावा, आधी खोकला ऐकू यायचा आणि मग सूचना. पुढं अमिताभ बच्चन आले. हात धुवा, मास्क लावा, अंतर ठेवा हे शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. मला आठवतंय, माझ्या दुकानासमोर मास्क न लावता उभा असलेला माणूस दुसऱ्या मास्क न लावलेल्या माणसाला मास्क कसा लावायचा ते समजावून सांगत होता. आणि बरोबर सांगत होता.

मग अडत कुठं होतं?

एप्रिल २०२० मध्ये आम्हा औषधवाल्यांना सूचना आली, की ताप, सर्दी, खोकल्याचं औषध नेणाऱ्यांची नावं, पत्ते आणि फोन नंबर लिहून ठेवा. हेतू चांगलाच होता. रुग्ण कुठं वाढतायत ते लवकर कळावं. मी वही घातली, दोरी बांधून पेन ठेवलं. दोन-तीन दिवसांत पॅरासिटामॉल मागणारी माणसं गायब झाली. त्यांच्या जागी अंगदुखीची गोळी मागणारी आली. बायकांचं डोकं दुखायला लागलं, म्हाताऱ्यांचे गुडघे दुखायला लागले, कुणाची दाढ. सगळ्या दुखण्यांना हवी होती तीच गोळी. काहींनी दहा-बारा वर्षांची पोरं पाठवली. एकानं वहीत जो नंबर लिहिला त्याला मी सहज फोन लावला, तर तो शेजारच्या तालुक्यातल्या ट्रॅक्टरच्या गॅरेजचा निघाला.

ह्या माणसांना रोगाची भीती नव्हती असं म्हणता येत नाही. भीती होती म्हणून तर गोळी नेत होती. पण रोगापेक्षा मोठी भीती वहीची होती. वहीतनं नाव पुढं गेलं की घरी माणसं येणार, गल्लीच्या तोंडाला बांबू नाहीतर पत्रे लागणार, डेअरीवाला दूध घेईनासा होणार, पोरीची चाललेली सोयरीक थांबणार. त्याच वर्षी मार्चमध्ये आमच्याच जिल्ह्यात, इस्लामपूरला, परदेशातून आलेल्या एका कुटुंबात लागण निघाली आणि बघता बघता रुग्ण पंचवीसच्या घरात गेले. त्या वेळी लोक त्या गावाचं नाव कसं घेत होते, ते मी ऐकलंय. इस्लामपूरची गाडी दिसली की पंपावर बाजूला सरकायचे. विलगीकरणातल्या लोकांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईचा शिक्का मारायची पद्धत तेव्हा निघाली होती. कडक उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, हात खिशात ठेवून औषध मागणारा माणूस आला की मी काही विचारत नव्हते.

आजेसासूबाई प्लेगाचं सांगायच्या. त्यांनी ते त्यांच्या सासूकडून ऐकलेलं. घरात उंदीर मरून पडला की गाव उठायचं. भांडीकुंडी, गुरंढोरं घेऊन सगळे रानात जायचे, खोपी घालून राहायचे, साथ ओसरेपर्यंत गावात दिवा लागत नसे. ह्याला कुणी हुकूम काढलेला नव्हता. तुकडाभरही जमीन नसलेले दुसऱ्याच्या बांधाला खोप घालायचे आणि निदान तेवढ्यापुरतं त्यांना कुणी हटकत नसे, असं त्या सांगायच्या. हे शेवटचं कितपत खरं मानायचं हे मी माझ्यापुरतं ठरवलेलं नाही.

आणि त्याच रोगात पुण्याला काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे. १८९७ मध्ये रँडच्या कारभारात गोरे सोल्जर घरात घुसून झडत्या घेत होते, आजारी दिसला की उचलून नेत होते, सामान रस्त्यावर जाळत होते. लोकांनी आजारी माणसं माळ्यावर लपवली, मेलेली लपवली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगाच्या रोग्यांची सेवा करताना लागण होऊन. मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्यानं पुण्याबाहेर मोकळ्या रानात दवाखाना घातला होता आणि तिथं सावित्रीबाई रोग्यांना स्वतः घेऊन यायच्या. रोगी गावाबाहेर नेणं हे रँडही करत होता आणि सावित्रीबाईही करत होत्या. एकापासून लोक माणसं लपवत होते, दुसरीच्या हाती देत होते.

गाव उठायचं ह्यात मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे सगळे एकदम उठायचे, त्यामुळे कुणा एकाचं घर उघडं पडत नसे. दुसरी, उंदीर दिसायचा. कोरोनाला उंदीर नव्हता. लागण आज झाली तर ताप चार-पाच दिवसांनी, ऑक्सिजन खाली जायचा तो दुसऱ्या आठवड्यात. तोवर माणूस चार लग्नं, एक बारसं आणि बाजार करून आलेला असायचा आणि विचारलं की सांगायचा, "परवा पावसात भिजलो, त्यानं झालं." त्यात पुष्कळांना काहीच व्हायचं नाही, आणि ते काही न होताच दुसऱ्याला द्यायचे. केलं काय आणि झालं काय ह्यांची गाठ डोळ्यांना दिसत नसेल तर नुसत्या सांगण्यावर माणूस किती दिवस चालणार?

दावण्यालासुद्धा डाग पडायला दिवस लागतात, म्हणेल कुणी. लागतात. पण बागायतदारानं ती गाठ पैसे मोजून शिकलेली असते, आणि फवारणीचा खर्च त्याचा, वाचलेला मालही त्याचाच. मास्कचं तसं नव्हतं. घुसमट माझी, फायदा मुख्यतः समोरच्याचा. सुरुवातीला "माझा मास्क तुझ्यासाठी, तुझा माझ्यासाठी" असं सांगत होते ते शास्त्राला धरून होतं, पण काउंटरवर ते विकलं जात नव्हतं. "आबा, घरी नातू लहान आहे, त्याच्यासाठी लावा" हे विकलं जायचं. मी तेच सांगायला लागले.

आता आर्थिक अडचणीचं. ती होती, पण प्रश्नावलीतल्यासारखी नव्हती. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारनं तीन पदरी मास्कची किंमत १० रुपये आणि २०० मिली सॅनिटायझरची १०० रुपये ठरवून दिली. मला घाऊकमध्येच मास्क त्याहून महाग पडत होता, म्हणून काही दिवस ठेवलाच नाही. मग बचत गटाच्या बायकांनी शिवलेले कापडी आले, ते लोकांनी धुऊन धुऊन वापरले. दहा-वीस रुपयांसाठी फार कुणी अडलं नाही. अडलं ते हजेरीसाठी. तो काळ बेदाण्याचा. शेडवर निवडायला जाणाऱ्या बायका एका टेम्पोत पंधरा-वीस कोंबून जायच्या. त्यातल्या एकीला मी म्हटलं, "जरा अंतर ठेवून बसा गं." ती म्हणाली, "अंतर ठिवलं तर निम्म्या घरी ऱ्हात्यात ताई, आन् त्या निम्म्यात मी." ह्याला काय उत्तर देणार? पॉझिटिव्ह आला तर वेगळ्या खोलीत ठेवा, वेगळा संडास वापरू द्या असं लिहिलेला कागद मी स्वतः दुकानात चिकटवला होता. तो वाचून एक माणूस बराच वेळ नुसता हसत उभा राहिला होता.

निष्काळजीपणा हा शब्द मला त्यातल्या त्यात जास्त खटकतो, कारण लोक काळजी खूप घेत होते, फक्त भलत्या ठिकाणी. भाजी सोड्याच्या पाण्यात धुणं, नोटा इस्त्रीखाली घालणं, दाराची कडी दिवसातून दहादा पुसणं. सॅनिटायझर मी इतकं विकलं की ठेवायला जागा पुरेना. आयुष मंत्रालयानं २९ जानेवारी २०२० लाच आर्सेनिक अल्बम ३० हे होमिओपॅथीचं औषध सुचवलं होतं. पुढं ते गावोगाव फुकट वाटलं गेलं आणि ते घ्यायला लोक एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभे राहिले. काढा, वाफ, झिंक, क जीवनसत्त्व. ह्या सगळ्यात एक सुख आहे: काहीतरी केलं, आता निवांत. मग माणूस त्या निवांतपणानं बंद हॉलमध्ये साखरपुड्याला जाऊन बसायचा. विषाणू हवेतून पसरतो, बंद जागेत जास्त पसरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनंही स्पष्ट सांगायला २०२१ उजाडवलं. पण त्याआधी आणि त्यानंतरही खिडक्या उघडा हे कुणी तेवढ्या जोरानं सांगितलं नाही. खिडकी उघडायला सांगून माझा काही धंदा होत नव्हता, दुसऱ्या कुणाचाही होत नव्हता. बाटलीचा होत होता.

मास्क कुठं लावायचा, ह्याचा लोकांनी मनाशी नियम केलेला होता आणि तो फार मजेशीर होता. परक्यासमोर लावायचा, आपल्या माणसासमोर काढायचा. माझ्या दुकानात औषध कंपनीचा अनोळखी एमआर आला की नाकावर, ओळखीचं कुणी आलं की खाली. बोलताना तर काढायचाच, कारण तोंड झाकून बोलणं म्हणजे समोरच्याचा अपमान. पाहुण्यासमोर मास्क लावून बसलेल्या सुनेला "आम्हाला काय रोग झालाय व्हय?" असं ऐकावं लागलेलं मला माहीत आहे. लागण मात्र होत होती ती आपल्याच माणसांकडून. मयतीला, हळदीला, देवाच्या जेवणाला. एप्रिल २०२१ मध्ये सरकारनं लग्नाला २५ माणसं आणि दोन तासांची मर्यादा घातली, मोडली तर ५० हजार दंड. कार्यालयं त्यामुळं ओस पडली आणि लग्नं मळ्यात लागली. तिथं मोकळी हवा होती हा अर्थात चांगला योगायोग.

पोलिसांच्या पावतीचा उपयोग होत होता, नाही म्हणणार नाही. विनामास्क ५०० रुपये. चौकात पोलीस दिसला की खिशातनं मास्क निघायचा, चौक ओलांडला की परत खिशात. त्यामुळे मास्क ही पोलिसासाठी लावायची वस्तू झाली, आणि पोलीस रात्री आठनंतर नसायचा.

ह्याच्या उलट मी एकदा पाहिलंय. २००९ मध्ये मी पुण्यात फार्मसीला होते. त्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. दुसऱ्या दिवशी बाजारातले मास्क संपले. शाळा बंद, सिनेमागृहं बंद, नायडू रुग्णालयाच्या बाहेर तपासणीसाठी लांब रांगा. महिना-दीड महिन्यात मास्क दिसेनासे झाले, साथ मात्र चालूच होती. पण आम्हा मुलींना त्या काळात वेगळं काही करावंच लागलं नाही. स्कूटीवर डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं गुंडाळायची पुण्याच्या मुलींची पद्धत आधीपासूनच होती. धूळ, ऊन, आणि घरच्या ओळखीच्या कुणी पाहू नये ही सोय. विषाणूला त्या कापडानं किती अडवलं ते सोडा. पण कुणी सांगितलेलं नसताना, कुणी पावती फाडत नसताना, वर्षानुवर्षं हजारो मुली तोंड झाकून फिरत होत्या, कारण त्यात त्यांचं स्वतःचं काहीतरी साधत होतं.

दुसऱ्या लाटेत मात्र उंदीर पडला. २०२१ चा एप्रिल. रेमडेसिविर मिळेना, माझ्याकडे ते मिळत नसूनही रात्री-बेरात्री फोन. आवाजावरनं ओळखू यायचं कोण आहे, आणि नाही म्हणावं लागायचं. ओळखीची, चाळिशीतली, दुकानात येऊन चेष्टा करून जाणारी माणसं आठ दिवसांत गेली. त्या महिन्यात पोलिसाची गरज लागली नाही. दोन-दोन मास्क, दुकानासमोर खडूनं आखलेल्या गोलात मुकाट उभी राहिलेली माणसं. "वैनी, आपल्याकडं काय न्हाई" म्हणणारे ऑक्सिमीटर मागायला आले. ही शिस्त दिवाळीपर्यंत टिकली नाही, पण जेव्हा होती तेव्हा ती कुठल्याही जाहिरातीतनं आलेली नव्हती.

लशीचंही तेच झालं. मार्चमध्ये साठीच्या पुढच्यांना सुरू झाली तेव्हा लोक टाळत होते. ताप येतो, कुणीतरी दगावलंय म्हणे, अजून दोन महिने बघू. आमच्या ओळखीतले एक निवृत्त मास्तर पहिल्या काही दिवसांतच टोचून आले आणि नंतर रोजच्यासारखे सकाळ-संध्याकाळ चहाच्या टपरीवर बसले. लोक आठवडाभर त्यांच्याकडे बघत होते. मास्तरांना काही होत नाही म्हटल्यावर टपरीवरचे चौघं गेले. आशाताई घरोघर फिरून जे सांगत होत्या ते ह्यामुळं पटायला लागलं. त्यांना ह्याचं श्रेय कुणी दिलं नाही, पगार तर नव्हताच, मानधन. मग मेमध्ये अठराच्या पुढच्यांना सुरू झाली आणि लस संपली. तीच लस. पहाटे चारला चपला ठेवून नंबर लावायला लागले लोक! मिळत नाही म्हटल्यावर भीती गेली.

भाचीला मी हे सगळं फोनवर थोडं थोडं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, हे फॉर्ममध्ये कुठं भरायचं?" मी म्हटलं, 'इतर' असा एक रकाना घाल आणि त्याला जागा जास्त ठेव. आणि एक प्रश्न वाढव, की तुम्हाला ताप आला तर सगळ्यात आधी कुणापासून लपवाल? माझ्या मते उरलेल्या प्रश्नांची निम्मी उत्तरं ह्या एका प्रश्नात निघतील. गाइड मान्य करतील का म्हणे. ते तिचं ती बघेल.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यात मास्कची सक्ती उठली. माझ्या गिऱ्हाइकांत एकाला त्याचा आनंद झाला नाही. त्याला टीबी होता, औषध चालू होतं. टीबीची औषधं शेड्यूल एच-वन ह्या कडक नियमांच्या यादीत येतात, त्यामुळं त्याचं नाव मला वेगळ्या रजिस्टरला लिहावंच लागतं, आणि म्हणून मला माहीत. कोरोनाच्या दोन वर्षांत तो सगळ्यांसारखा तोंड झाकून फिरला, कामावर गेला, एसटीत बसला, कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. पाडव्यानंतर आठवडाभरात तो विनामास्क दुकानात आला. का काढला विचारलं तर म्हणाला, "आता एकट्यानंच लावला तर इचारत्यात." त्याला मी धुळीच्या ॲलर्जीची एक चिठ्ठी डॉक्टरांकडनं आणायला सांगितली. डॉक्टर हसले आणि त्यांनी दिली. ती त्यानं खिशात ठेवली, कुणी विचारलं की दाखवायचा. औषधाचा कोर्स संपेपर्यंत त्यानं मास्क लावला.